आधी भरती की आधी पदवी?

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या आपल्या पट्ट्यात पहाटे पाचला घराबाहेर पडले, की रस्त्याच्या कडेने धावणारी मुले हमखास दिसतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणीच. हातात घड्याळ, डोळ्यांसमोर एकच आकडा : १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटे. सैन्यभरतीच्या धावण्यात पहिल्या गटात यायचे तर एवढ्या वेळात अंतर कापावे लागते, हे इथल्या सातवीतल्या पोरालाही ठाऊक असते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे, सांबऱ्याला हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे, आणि गल्लीत एखादे तरी निवृत्त सुभेदार असतातच. त्यामुळे ‘मिलिटरीत जाणे’ ही आपल्या घरांत नवलाईची गोष्ट नाही.

अलीकडे मात्र या मुलांच्या बोलण्यात एक नवा शब्द ऐकू येतो. पूर्वी मुलगा म्हणायचा, ‘मला भरती व्हायचंय.’ आता तो म्हणतो, ‘मला ऑफिसर व्हायचंय.’ ही आनंदाची गोष्ट आहे. पण लगेच पुढचे वाक्य येते, ‘आधी भरती होतो, मग आत गेल्यावर बघू.’ आणि घरातली मोठी माणसेही मान डोलावतात. आत गेल्यावर नेमके काय बघायचे असते, कधी बघायचे असते, आणि त्यासाठी पहिले पाऊल कुठे टाकायला हवे, याचा विचार मात्र फार थोड्या घरांत होतो. तो व्हावा म्हणून हा लेख.

दोन शिड्या, वेगवेगळ्या

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे सुभेदार घरी आले की सारे त्यांना ‘साहेब’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण सैन्याच्या रचनेत सुभेदार म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर अशी ही शिडी चढत जाते. लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल ही दुसरी शिडी आहे. पहिल्या शिडीच्या शेवटच्या पायरीवरून दुसरी शिडी आपोआप सुरू होत नाही. निवृत्तीच्या सुमारास काही सुभेदारांना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा किताब मिळतो. तो मोठा सन्मान आहे, पण तरुणपणी अधिकारी होऊन तुकडी हाती घेणे ही वेगळी गोष्ट.

म्हणजे वीस वर्षे इमाने इतबारे नोकरी केली की पोरगा बढती मिळत मिळत लेफ्टनंट होईल, असे कुणी समजत असेल तर ते चूक आहे. अधिकारी होण्याचा दरवाजा स्वतंत्र आहे, त्याची परीक्षा स्वतंत्र आहे, आणि मुख्य म्हणजे त्याला वयाची मर्यादा आहे. शिपायासाठीही तो दरवाजा उघडा असतो, हे मात्र तितकेच खरे.

त्या दरवाजाचे नाव आर्मी कॅडेट कॉलेज, म्हणजे एसीसी. याचे मूळ मध्य भारतातल्या नौगाव येथील किचनर कॉलेजात. १९६० मध्ये ते पुण्याला येऊन आर्मी कॅडेट कॉलेज झाले आणि १९७७ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमीच्या आवारात गेले. सेवेत किमान दोन वर्षे झालेला, बारावी उत्तीर्ण, साधारण वीस ते सत्तावीस वयाचा जवान लेखी परीक्षा देतो. ती पार पडली की सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे एसएसबी. तिथून निवड झाली की तीन वर्षे शिक्षण. त्यात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. मग एक वर्ष अकादमीत प्रशिक्षण आणि खांद्यावर लेफ्टनंटचे तारे. नौदल व हवाई दलातले जवानही या वाटेने येऊ शकतात. याशिवाय वय थोडे वाढलेल्या अनुभवी जवानांसाठी स्पेशल कमिशन्ड ऑफिसर आणि स्पेशल लिस्टचे कायम कमिशन अशा आणखी दोन वाटा आहेत.

चेंडियाचा सॅपर

शिपायाचा अधिकारी झाल्याचे उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे हे आपल्याच मुलखातले. जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्या होत, तशा मुलाच्या शाळाही बदलत. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १० जुलै १९४० रोजी, बाविसाव्या वर्षी, राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, साधे शिपाई म्हणून दाखल झाले. सॅपरचे काम म्हणजे रस्ते करणे, पूल बांधणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले काढणे. बंदुकीइतकीच कुदळही त्याच्या हाती असते. आपल्या घरांतले कन्नड वचन आहे ना, ‘कै केसरादरे बायि मोसरु’, हात चिखलात गेले तर तोंडाला दही, ते या कामाला अगदी लागू पडते.

खडकीला प्रशिक्षणात राणे आपल्या तुकडीतले सर्वोत्तम रंगरूट ठरले आणि त्यांना कमांडंटची छडी मिळाली. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैन्य माघार घेत असताना मागे राहून महत्त्वाची ठिकाणे उडवून देण्याचे काम त्यांच्या छोट्या तुकडीवर आले. परतीची ठरलेली सोय झाली नाही, तेव्हा जपानी पहाऱ्यातून नदी ओलांडून ते आपल्या माणसांसह परतले. त्यांना हवालदार करण्यात आले. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. भरती ते कमिशन, अंतर साडेसात वर्षांहून थोडे कमी.

त्यानंतर चारच महिन्यांत, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर शत्रूने झाडे पाडून अडथळे केले होते, सुरुंग पेरले होते. तोफांच्या माऱ्याखाली, स्वतः जखमी असताना, राण्यांनी ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस तो रस्ता मोकळा केला. रणगाड्याखाली सरपटत, त्याच्याच गतीने पुढे सरकत, दोऱ्यांनी चालकाला इशारे देत त्यांनी वाट काढली, ही कथा सैन्यात आजही सांगतात. त्यांना परमवीर चक्र मिळाले. जिवंतपणी ते मिळालेल्या पहिल्या वीरांत त्यांचे नाव आहे. १९६८ मध्ये मेजर म्हणून ते निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर युद्धनौका संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. सहलीला जाल तेव्हा मुलांना दाखवा. अंदमानातल्या एका बेटालाही २०२३ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नौशेऱ्याच्या रस्त्यावर लेफ्टनंट राण्यांच्या उपयोगी पडले ते सॅपर राण्यांचे शिक्षण. सुरुंग कसा ओळखायचा, कसा काढायचा, हे त्यांच्या हातांना शिपाई असतानाच ठाऊक झाले होते. पहिली नोकरी त्यांनी नीट केली होती, म्हणून दुसरी पेलली.

आजची पहिली पायरी

१९४० चा काळ वेगळा होता, आजचा वेगळा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून शिपाई पातळीवरची भरती अग्निवीर म्हणून होते. मुदत चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवानिधीत जमा आणि २१,००० हातात. चौथ्या वर्षी ही रक्कम ४०,००० होते. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. या चार वर्षांचे निवृत्तिवेतन किंवा ग्रॅच्युइटी नाही. योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्के जवान नियमित सेवेत घेतले जातात. बाकीचे घरी परततात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत.

पालकहो, हा आकडा पुन्हा एकदा वाचा. चारातला एक राहणार, तीन परतणार. ‘आत गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्या मुलाला पूर्वी बघायला पंधरा-सतरा वर्षे मिळायची. आता पहिल्या दिवसापासून घड्याळ चालू असते. एसीसीचे गणित मांडायचे तर ते नियमित सेवेत राहणाऱ्याच्या हिशेबानेच मांडावे, आणि नियमित सेवा हाती यायला चार वर्षे जातात. अठराव्या वर्षी गेलेला मुलगा बावीसचा होतो. एसीसीच्या वयोमर्यादेपर्यंत त्याच्याकडे पाच वर्षे उरतात. एकविसाव्या वर्षी गेलेला पंचविसाचा होतो, त्याच्याकडे उरतात दोनच. म्हणून अधिकारी होण्याची इच्छा असलेल्याने अग्निवीर व्हायचेच असेल, तर लवकर व्हावे. बारावी होताच पहिल्या संधीला. तीन वर्षे नुसते रस्त्यावर धावून, कुठलीही पदवी हाती नसताना एकविसाव्या वर्षी जाणे हा सगळ्यांत महागडा मार्ग आहे.

ट्रेड कोणता घ्यावा?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो. ‘सर, जनरल ड्यूटीला जाऊ की टेक्निकलला? क्लार्क झालो तर अभ्यासाला वेळ मिळतो म्हणे.’

जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ गुण लागतात. टेक्निकलला बारावी शास्त्र शाखा, भौतिक, रसायन, गणित व इंग्रजीसह ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० हवेत. क्लार्क व स्टोअरकीपरला बारावीत ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०, शिवाय इंग्रजी आणि गणित किंवा हिशेबाचे विषय पक्के. ट्रेड्समनला दहावी, काही कामांना आठवी. या अटींवरून एक सरळ गोष्ट दिसते. ज्या मुलाची बारावी चांगली झाली आहे त्याने केवळ धावण्यात पुढे आहे म्हणून दहावीच्या गुणांवरची जागा धरू नये. आणि दहावीवर गेलेल्याने बारावीचा विषय संपला असे मानू नये. अग्निवीरांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचे प्रमाणपत्र मिळवण्याची सोय २०२२ मध्येच जाहीर झाली आहे. बारावीशिवाय एसीसीचा अर्जही भरता येत नाही.

पण ‘कोणता ट्रेड घेतला की लवकर ऑफिसर होता येते’ या प्रश्नाला तसे उत्तर नाही. एसीसीची लेखी परीक्षा इन्फंट्रीच्या जवानाला आणि सिग्नल्सच्या जवानाला एकच असते. एसएसबीसमोर गेल्यावर ‘मी क्लार्क होतो’ याला जास्तीचे गुण नाहीत. तिथे पाच दिवस माणूस पारखतात. पहिल्या दिवशी चाळणी, मग मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामे, मुलाखत. तिथे बघतात ते असे : अडचण आली की हा मुलगा काय करतो, दुसऱ्याचे ऐकतो का, चार जणांना बरोबर घेऊन जातो का. आणि हे गुण पलटणीत कुठल्याही कामात घडतात, किंवा घडत नाहीत.

त्याआधी आणखी एक चाळणी असते. सेवेतल्या जवानाला परीक्षेसाठी आपल्या युनिटची संमती आणि शिफारस लागते. जो मुलगा हातातले काम अर्धवट टाकून सतत पुस्तकात डोके घालून बसतो, त्याच्याविषयी वरिष्ठांचे मत काय होणार? आणि जो रायफल, वायरलेस किंवा हिशेबाची वही यांत चोख आहे, त्याला सुट्टीच्या दिवशी अभ्यासाला मोकळीक द्यायला त्याचा हवालदारच पुढे येतो. म्हणून ट्रेड निवडताना अंगभूत ओढ बघावी. यंत्रात हात रमणाऱ्याने टेक्निकल घ्यावे, आकड्यांत रमणाऱ्याने क्लार्क, मैदानात रमणाऱ्याने जनरल ड्यूटी. जे काम तुम्ही उत्तम करू शकता, तेच तुम्हाला पुढे नेईल. नेमकी कोणती रेजिमेंट मिळेल हे तसेही पूर्णपणे आपल्या हाती नसते.

थेट दरवाजे

आता दुसरी बाजू. अधिकारी व्हायचे तर आधी शिपाई व्हायलाच हवे असे मुळीच नाही. थेट दरवाजे अनेक आहेत आणि त्यांचे वय लहान आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एनडीएसाठी, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. परीक्षा वर्षातून दोनदा. गणिताला ३०० गुण, सामान्य क्षमतेला ६००, आणि एसएसबीला ९००. तीन वर्षे खडकवासला, एक वर्ष डेहराडून, बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट. पदवीधरांसाठी सीडीएस ही परीक्षा आहे. तीही वर्षातून दोनदा, साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत. आणि ज्या महाविद्यालयात एनसीसी आहे तिथल्या मुलामुलींनी ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवले आणि पदवीला ५० टक्के गुण असले, तर लेखी परीक्षेविना थेट एसएसबीला जाता येते. आमच्यासारख्या गावच्या महाविद्यालयात एनसीसीचा गणवेश अनेकांना नाश्त्याच्या कुपनासाठी हवा असतो. त्याची खरी किंमत कळायला हवी.

दहावीनंतर लगेच तयारी करायची असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून हे काम करते. महाराष्ट्रातल्या मुलांबरोबरच बेळगाव, कारवार आणि बिदर जिल्ह्यांतल्या मुलांनाही तिथे प्रवेशाची सोय ठेवलेली आहे. सीमाभागातल्या पालकांना ही गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. त्याहून लहान वयात सुरुवात करायची तर साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, विजापूरची १९६३ ची, आणि बेळगावात राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहेच. सैनिक शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतही देता येते आणि कन्नडमध्येही.

मुलींच्या बाबतीत तर चित्र पुष्कळ बदलले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचे दार मुलींना उघडले आणि मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. शिपाई पातळीवर लष्करी पोलीस दलात मुली घेतल्या जातात. त्यांची पहिली तुकडी २०२१ मध्ये बेंगळुरूहून तयार झाली. आणि साताऱ्याच्या स्वाती महाडिक आपल्याला ठाऊकच आहेत. पती कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. दोन मुलांची आई असलेल्या स्वातीताई चेन्नईच्या अकादमीतून सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. ‘पोरीच्या जातीला हे कशाला’ म्हणणाऱ्या घरांनी यावर विचार करावा.

कोसाडहून आलेला प्रश्न

पोटापाण्यासाठी आपल्या भागातली माणसे कुठे कुठे गेली आहेत. चिकोडी तालुक्यातले एक कुटुंब बरीच वर्षे सुरतेला आहे. तापीपलीकडे, मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्गावरच्या कोसाडला ते राहतात. वडील मागावर काम करतात. त्यांचा थोरला मुलगा आमच्या महाविद्यालयात शिकून गेला. धाकट्यासाठी मागच्या वर्षी त्यांचा फोन आला. मुलगा बारावी शास्त्र, अडुसष्ट टक्के, वय अठरा पूर्ण. ‘सर, चार वर्षांत अकरा-बारा लाख हातात येतील म्हणतात. बहिणीचं लग्न तोंडावर आहे. पोरगा म्हणतो ऑफिसरच होणार. दोन्ही कसं जमवायचं, तेवढं सांगा की.’ मागून आईचा आवाज आला, ‘ओदलि बिड्री सर, ओदलि.’ शिकू द्या, असे त्या माउलीचे म्हणणे.

दोघांचेही बरोबर होते. अडचण खरी होती आणि मुलाची इच्छाही खरी होती. मी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, रहिवासी दाखला. सैन्यभरती जिल्ह्यावार होते. सुरत अहमदाबादच्या भरती कार्यालयाकडे येते, चिकोडी बेळगावच्या. मुलाचा दाखला जिथला, तिथूनच अर्ज. शाळा गुजरातची, रेशनकार्ड गावाकडचे आणि आधारवर तिसराच पत्ता असा घोळ असेल तर ऐन भरतीत मुलगा बाहेर काढला जातो. परगावी राहणाऱ्या प्रत्येक मराठी-कन्नड कुटुंबाने आधी ही कागदपत्रे एका रेषेत आणावीत. नावाचे स्पेलिंगसुद्धा.

दुसरी, दोन अर्ज एकमेकांच्या आड येत नाहीत. साडेएकोणीसपर्यंत एनडीएची संधी हातात आहे. ती देत देतच अग्निवीर टेक्निकलचा अर्ज भरता येतो. एनडीए झाली तर प्रश्न मिटला, नाही झाली तरी त्या अभ्यासाने गणित आणि इंग्रजी पक्के होते, आणि भरतीच्या ऑनलाइन परीक्षेला गणित लागतेच.

तिसरी गोष्ट पैशाची. सेवानिधीचे अकरा लाख चार वर्षांनी येतात, बहिणीच्या लग्नाला नाही. हातात येणाऱ्या एकवीस हजारांतून घराला किती द्यायचे आणि मुलाच्या शिक्षणाला किती ठेवायचे, हे मुलगा जाण्याआधी घरात बसून ठरवा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी तीन वर्षांचा खास पदवी अभ्यासक्रम आखला आहे. त्यातले निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. पहिल्याच वर्षी त्यात नाव घातले तर बाविसाव्या वर्षी मुलाच्या हातात पदवी असते. मग नियमित सेवेत राहिला तर एसीसी, परत आला तर वय शिल्लक असतानाच सीडीएस. दोन्ही दारे उघडी. पदवीला नावच घातले नाही, तर पंचवीस टक्क्यांत न आलेल्या मुलाकडे बाविसाव्या वर्षी फक्त बारावी उरते आणि अधिकारी होण्याचे दार बाहेरून बंद होते.

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले. मुलाने दोन्ही अर्ज भरले. पदवीच्या शुल्काची रक्कम आईने वेगळ्या डब्यात काढून ठेवली आहे, असे नंतर कळले.

भाषेचे काय?

आपल्या मुलांना एक धाकधूक असते ती इंग्रजीची. एनडीएची प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते, मराठी-कन्नडमध्ये नाही. एसएसबीत इंग्रजी चालते, हिंदीचीही मदत घेता येते. माझा वर्गातला अनुभव असा, की घरी दोन भाषा बोलणारे मूल तिसरी भाषा लवकर उचलते. आईशी कन्नड, आजीशी मराठी, बाजारात दोन्ही, असे वाढलेल्या मुलाला समोरच्याच्या भाषेत शिरायची सवय असते. पलटणीत पंजाबी, तमिळ, आसामी जवानांबरोबर राहायचे असते. तिथे ही सवय मोठ्या कामाची. कमी पडते ते रोजचे वाचन. इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचायचे आणि त्यावर पाच वाक्ये बोलायची, एवढे घरच्या घरी दोन वर्षे केले तरी फरक दिसतो. आई-वडिलांना इंग्रजी यायला हवे असे नाही. त्यांनी फक्त समोर बसून ऐकावे.

घरात बसून करायचा हिशेब

शेवटी सगळे येते ते एका कागदावर. मुलाचे आजचे वय लिहा. त्याखाली साडेएकोणीस, चोवीस आणि सत्तावीस हे तीन आकडे लिहा. पहिला एनडीएचा, दुसरा सीडीएसचा, तिसरा एसीसीचा. प्रत्येक आकड्यापर्यंत किती महिने उरले ते मोजा. मग समोर येणारी नोकरी त्यांतले किती महिने घेईल आणि बदल्यात काय देईल, ते पाहा. बारावी, पदवी, एनसीसी, अनुभव यांपैकी काहीतरी ती देत असेल तर ती पायरी झाली. काहीच देत नसेल, नुसते वय खात असेल, तर पगार कितीही बरा दिसला तरी अधिकारी होण्याच्या दृष्टीने ती चुकीची जागा. वयोमर्यादा व अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. एजंटाच्या नादी लागू नये. सैन्यभरतीत पैसे देऊन काम होत नाही, पैसे मात्र जातात.

आणि एक सांगायचे राहिले. अधिकारी होण्याची इच्छा बाळगून गेलेली सगळीच मुले अधिकारी होणार नाहीत. एसीसीच्या जागा मोजक्या आहेत, एसएसबीतून परत येणारे पुष्कळ. तेव्हा मुलाला अशाच कामावर पाठवा, जे त्याने आयुष्यभर केले तरी त्याला कमीपणा वाटणार नाही. खांद्यावर तारे नसलेला हवालदारही रात्रीच्या पहाऱ्यावर दहा जणांचा जीव सांभाळत असतो. बेळगावच्या ज्युनिअर लीडर्स विंगमध्ये सैन्य अशाच माणसांना घडवते, कारण पलटण त्यांच्यावर उभी असते. शिपायाच्या नोकरीकडे जो मुलगा नुसती वाट बघायची जागा म्हणून पाहतो, त्याच्या हातून तीही नीट होत नाही आणि पुढचीही. राणे बाविसाव्या वर्षी खडकीला गेले ते सॅपर व्हायला. चांगले सॅपर झाले, आणि पुढचे सारे त्यातूनच आले.